चिकटणारी धूळ

मित्रांनो, आज भवानी पेठेत यंत्रमाग कामगारांसमोर ग्रहांच्या जन्मावर बोललो.

नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरते. कणाला कण चिकटत जातो आणि त्यातूनच कोट्यवधी वर्षांनी एखादी पृथ्वी घडते. "धुळीला कमी लेखू नका!" मी गरजलो. टाळ्या पडल्या.

मग मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एक मावशी उठल्या. "सर, आमच्या ह्यांच्या छातीत पण कापसाची धूळ अशीच चिकटली. गेले ते. आता मला लई खोकला लागलाय. माझ्या छातीत कुठवर आलंय, तेवढं सांगा की."

तुम्ही काय सांगितलं असतं?

उद्या त्यांना डॉक्टरांकडे नेतोय. पण त्या सभेत आणखी कितीतरी जण खोकत होते. तासभर तो खोकला मी माझ्या भाषणातला व्यत्यय समजत होतो.