वडिलांचं ‘बघतो’

वडील दोनदा आमदार झाले, दोन्ही वेळा अपक्ष. कुठल्याच पक्षात ते टिकले नसते, आणि टिकले असते तर पक्ष टिकला नसता, असं आई म्हणायची. आम्ही राहायचो पेठेत. मतदारसंघ मात्र नुकत्याच शहरात ओढल्या गेलेल्या गावांचा.

तिसऱ्या निवडणुकीला आईनं त्यांना समोर बसवलं. विरोधी उमेदवार नेमका तिच्या माहेरचा होता. हरलो तर तिकडे तोंड दाखवायची सोय नव्हती. वडिलांना ‘नाही’ म्हणायची वाईट खोड. काम घेऊन आलेला माणूस चहा येण्याआधीच ‘हे होणार नाही’ ऐकून उठायचा. बाकीचे पुढारी ‘बघतो’ म्हणत. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, पण माणूस चहा पिऊन खुशीत घरी जातो. मतदानापर्यंत फक्त ‘बघतो’ म्हणायचं, असं आईनं कबूल करून घेतलं.

सुरुवात झकास झाली. रस्ता? बघतो. पाण्याची टाकी? बघतो. कार्यकर्ते खूश, आणि आई तर शेजारणीशीसुद्धा गोड बोलू लागली.

मग वडील खरोखरच बघायला निघाले. प्रचार सोडून, ओळखीच्या एका इंजिनिअरला गाडीत घालून टाकीची जागा पाहून आले. ती जागा त्या गावच्या माजी सरपंचांनीच सुचवलेली. भर सभेत, सरपंच शेजारी बसलेले असताना वडील म्हणाले, “बघतो म्हणालो होतो, बघितलं. जागा खड्ड्यात आहे, वरच्या आळीला पाणी चढणार नाही. तिथे टाकी होणार नाही.”

माजी सरपंच त्यांच्या कानाशी वाकले. “साहेब, बघतो म्हनलं म्हंजी बघायचं नसतंय.”

वडील निवडणुकीत दणकून पडले. मला त्यांचा अभिमानही वाटला आणि संतापही आला. आईला फक्त संताप आला. निकालापासून ती त्यांच्याशी बोलेना. ‘आमटी हवी का, विचार’ हेही माझ्यामार्फत, समोर बसून.

दारातल्या कार्यकर्त्यांच्या चपला नाहीशा झाल्या. पावसाळ्याच्या तोंडाला मात्र माजी सरपंच आले. नव्या आमदारांनी त्यांच्या नातवाला मोठ्या कॉलेजात प्रवेश नक्की म्हणून सांगितलं होतं. तर हातात असलेली दुसरीकडची जागा सोडायची का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

“सोडू नका. तो प्रवेश होणार नाही,” वडील म्हणाले.

सरपंचांचा जीव भांड्यात पडला. आईला राहवलं नाही. मत कुणाला दिलंत, असं तिनं तोंडावरच विचारलं.

“नव्या आमदारास्नीच की, वहिनी,” सरपंच जराही न लाजता म्हणाले. “फुडल्या टायमालाबी त्यास्नीच देनार. पर पोराच्या जल्माचं हाय. ते इचारायला हितंच यावं लागतंय.”

 आई वडिलांकडे वळली आणि थेट त्यांनाच म्हणाली, “ऐकलंत?”