काठोकाठ काका

आमच्या दिरांनी चहा ओतला की कप उचलायची सोय नसते. कप ठेवलाय तिथेच राहू द्यायचा, आपणच वाकायचं, पहिला घोट ओठांनी ओढून घ्यायचा आणि मग कानाला हात लावायचा, म्हणजे कपाच्या. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. तो बिचारा कप उचलतो, मांडीवर चटका बसतो, आणि सांडला तेवढा चहा दीर लगेच परत भरून देतात.

घरातल्या मुलांनी त्यांचं नाव काठोकाठ काका ठेवलं ते उगीच नाही. त्यांनी पिंप भरलं की जमीन ओली. त्यांनी कुंड्यांना पाणी घातलं की रोपांची मुळं कुजली. गल्लीतलं एक मांजर आमच्याकडे येतं. आधी ते भिंतीवरून उडी मारून यायचं. दिरांनी त्याची वाटी भरायला घेतल्यापासून ते दारातून येतं, आणि तेही बसत बसत. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, तोंडाने फटकळ. ती म्हणते, "ह्यांच्या हातात भांडं दिलं की मी फडकं घेऊनच उभी राहते."

पण ही काही जन्माची खोड नव्हे. तरुणपणी ते दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ट्रकच्या इंजिनात ऑइल किती आहे ते बघायला एक लांब पट्टी असते. ती ओढून काढायची, पुसायची, परत आत घालायची आणि बाहेर काढून बघायचं, ओल कुठवर आली ते. पट्टीवर दोन खुणा असतात. ओल दोन्हींच्या मध्ये असली की ठीक. एका सकाळी ती खालच्या खुणेच्याही खाली होती. माल भरलेला, निघायची घाई. दीर म्हणाले, चालेल. आणि निघाले.

चढावर इंजिन किंचाळलं आणि जागच्या जागी जाम झालं. मालक दुसरी गाडी घेऊन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं दीर अजून म्हणतात. तो एक अक्षर बोलला नाही. नुसता हात पुढे केला, किल्ली मागितली. दीर चालत घरी आले ते येताना "चालेल" हा शब्द त्या चढावरच टाकून आले. पुढे कोणी म्हणालं, जेवणात मीठ कमी आहे पण चालेल, तरी दीर उठून मीठ आणायचे.

नंतर आमच्या ह्यांनी आणि दिरांनी मिळून एक जुना ट्रक घेतला. घेतला तेव्हाच तो पुष्कळ फिरलेला होता. पुढे तर किलोमीटरचे आकडे सगळे संपून शून्यावर आले आणि पुन्हा नव्याने मोजायला लागले. जाऊ म्हणायची, बाईमाणसाचं वय असंच मोजलं तर काय बहार होईल. पुढे आमचे हे वारले, माझा मुलगा कमावता झाला, ट्रकचा कारभार तो बघू लागला. चाक मात्र दिरांच्याच हातात. विटा, सिमेंट, लाकूड, जे असेल ते भरायचं, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

ट्रक पूर्वी माल वाहणाऱ्या एका कंपनीच्या अंगणात उभा राहायचा. ते अंगण विकलं गेलं, भोवती भिंत आली. मग दीर ट्रक घरासमोर आणून लावू लागले. आमची गल्ली चढाची. वर तोंड करून ट्रक उभा करायचा आणि मागच्या चाकांना दगड लावायचे. दिरांना आनंदच झाला. अंथरुणातून मान वळवली की खिडकीतून गाडी दिसायची. जाऊ म्हणाली, "इतकी वर्षं मी शेजारी झोपते, माझ्याकडे काही मान वळली नाही."

आणि तिथूनच गाडीला ऑइल प्यायची चटक लागली.

सकाळी पट्टी ओढावी तर कोरडी. दीर भरायचे. दुसऱ्या सकाळी परत कोरडी. परत भरायचे. मागून निळा धूर येऊ लागला. समोर शिंपी राहतो. दिरांनी गाडी चालू केली की तो पांढरं कापड आत घ्यायचा आणि खिडकी लावून घ्यायचा. बोलायचा काही नाही, पण खिडकी जरा जोरात लावायचा.

मग औषधपाणी सुरू झालं. कोणी म्हणालं, जाड ऑइल घाला. घातलं. कोणी म्हणालं, दुकानात एक बाटली मिळते, ती ऑइलमध्ये ओता. ओतली. गल्ली उतरली की लाकडाची वखार लागते, तिच्याशेजारी एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने ऑइल गळत होतं तिथली सगळी सीलं बदलली, त्याच्या पोऱ्याने जुनं ऑइल काढून नवं मापाने भरून दिलं. दीर खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखालून त्यांचा आवाज आला, "वहिनी, काल पोटभर पाजलं हो हिला, आज परत जीभ कोरडी." मी म्हटलं, "भाऊजी, सवय लावलीत, आता भोगा." मला काय कळतंय त्यातलं. आपली एक फिरकी घेतली.

शेवटी मिस्त्रीने इंजिन सुरू करायला लावलं, मागे जाऊन धूर बघितला आणि मान हलवली. म्हणाला, आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिन उतरवावं लागेल. खर्च सांगितला तो ऐकून माझ्या मुलाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. एवढ्यात तर निम्मी गाडी आली असती.

मुलगा काकांशी जपून बोलतो. त्यांच्याच खांद्यावर बसून तो लहानाचा मोठा झाला. त्याने आडून आडून सुरुवात केली, की काकांचे गुडघे दुखतात, की हल्ली कामही कमी येतं, आणि मग सांगितलं, की भंगारवाल्याशी बोलणं झालंय, तो सोमवारी येईल. या वयाच्या ड्रायव्हरला दुसऱ्या गाडीवर कोण घेणार, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी गेली की दिरांचं कामही गेलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि चहा करायला उठले. आमच्याकडे संध्याकाळचा चहा तेच करतात.

कप समोर आले. अर्धे होते.

मुलाने कप उचलला, त्यात डोकावून बघितलं, आणि तसाच खाली ठेवला. जावेने फडकं हातात घेतलं होतं. ते तिने घडी घालून मांडीवर ठेवलं. नंतर भांडी घासताना मला म्हणाली, "ताई, हे घरात बसले तर मला चालेल. पण असे बसले तर नाही हो चालणार."

सोमवारी भंगारवाला आला. जाडजूड, घामाघूम. त्याने गल्लीचा चढ बघितला आणि निरोप पाठवला, की गाडी खाली वखारीसमोर आणा, तिथे जमीन सपाट आहे, खाली वाकून नीट बघता येईल. सकाळी नेहमीप्रमाणे दिरांनी पट्टी बघितली होती. कोरडी. पण घरातला डबा संपलेला. म्हणाले, खालच्या दुकानातून घेतो. तशीच गाडी हळूहळू उतरवून वखारीसमोर लावली आणि बंद केली. मी आणि जाऊ मागून चालत गेलो. घरातून कोणी निघालं की दाराशी उभं राहतोच ना आपण, तसंच.

भंगारवाला चाकांना लाथा मारत फिरत होता. मुलाशी घासाघीस चालली होती. तेवढ्यात दीर दुकानातून नवा कोरा ऑइलचा डबा घेऊन आले. भंगारवाला हसायला लागला. म्हणाला, "मामा, तोडायच्या गाडीत कोणी ऑइल घालतं का?"

"तुमच्याकडे जाईपर्यंत तरी ती आमची आहे," दीर म्हणाले. "उपाशी नाही पाठवायची."

त्यांनी पट्टी ओढली. पुसली. परत घातली, परत ओढली, आणि तसेच उभे राहिले. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग मला हाक मारली. "वहिनी, जरा बघता का? माझे डोळे आज धड नाहीत."

मी बघितलं. खालची खूण ओली, वरची खूण ओली, आणि त्याच्याही वर, पार बोटं धरली होती तिथपर्यंत ऑइल. मी म्हटलं, "भाऊजी, ही तर तुमच्या चहासारखी भरलीय."

"सकाळी घरासमोर कोरडी होती," ते म्हणाले. "मी थेंबभर घातलेलं नाही."

मिस्त्री गॅरेजच्या दारातून हे बघत होता. हात पुसत आला, त्याने स्वतः पट्टी ओढून बघितली. मग मान वर करून आमच्या गल्लीकडे बघितलं, चढाकडे. बराच वेळ बघितलं.

"काका, तुम्ही ऑइल रोज कुठे बघता?"

"दारात. गाडी सुरू करायच्या आधी."

मिस्त्री ट्रकच्या पुढच्या पत्र्यावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. मग एकदम गप्प झाला, कारण त्याला आपलं निदान आठवलं. म्हणाला, "मी धूर बघितला आणि रिंगा म्हणून मोकळा झालो. माझ्या हाताने एकदा पट्टी ओढली असती तर." त्याने एका पसरट डब्यात थोडं जुनं ऑइल घेतलं आणि डबा तिरपा धरला. सगळं ऑइल एका कडेला गेलं. दुसऱ्या कडेला बोट टेकवून आम्हाला दाखवलं. कोरडं.

एवढंच होतं ते. वर तोंड करून उभ्या गाडीत ऑइल मागे जायचं, आणि पट्टी पुढच्या बाजूला. पट्टी म्हणायची, मी उपाशी. दीर भरायचे. पोट इतकं भरलं, की आतलं फिरणारं लोखंड त्या ऑइलात बुडून त्याचा फेस करायचं, तो फेस इंजिनाच्या हवेच्या नळीतून वर चढायचा आणि जळून निळा धूर व्हायचा. धूर दिसला की दीर म्हणायचे, पितेय, आणि आणखी भरायचे.

जावेने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, म्हणजे मांजराचं केलंत तेच हिचं केलंत."

मिस्त्रीने तिथेच गाडीखाली बादली लावली. एक भरली, दुसरी आणावी लागली. ती हवेची नळी धुतली, ऑइलने चिंब झालेला फिल्टर बदलला. मग पट्टीवर ओल दोन खुणांच्या मधोमध आणून म्हणाला, करा सुरू.

दिरांनी किल्ली फिरवली आणि एवढा धूर आला की वखार दिसेनाशी झाली. मुलाचं तोंड उतरलं. मिस्त्री खोकत खोकत म्हणाला, सायलेन्सरमध्ये आधीचं साठलंय, ते जळू द्या, एक फेरी मारून या, मग बोलू. मुलगा भंगारवाल्याकडे वळला. "आज राहू द्या," म्हणाला.

भंगारवाल्याला राग आला असावा. तो घाम पुसत उभा राहिला. मग त्याची नजर बादल्यांवर गेली. "मामा," तो म्हणाला, "गाडी नाही तर नाही. ते काढलेलं ऑइल तरी देता का?" दिरांनी दोन्ही बादल्या त्याच्या पिंपात रिकाम्या केल्या, अर्थातच काठोकाठ. जाताना बिचाऱ्याची विजार भिजली.

दीर विटा भरायला गेले. मी आणि जाऊ खिडकीत बसलो. ती म्हणाली, मी काही वाट बघत नाही, वाऱ्याला बसलेय. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा आवाज आला. ट्रक चढ चढून घरासमोर आला, दिरांनी गाडी तशीच चालू ठेवली आणि खाली उतरून मागे जाऊन उभे राहिले. धूर होता, पण विडीच्या धुराएवढा. समोरचा शिंपी मशीनवर होता. त्याने मान वर केली, ट्रककडे बघितलं, आणि पाय हलवत राहिला. खिडकी उघडीच.

नंतर मिस्त्रीने मुलाला स्पष्ट सांगितलं, की इतकी चाललेली गाडी थोडं ऑइल खाणारच, रिंगा काही नव्या नाहीत. पण ते भरून भागेल. पट्टी सपाट जागेवर बघायची, गाडी बंद करून, ऑइल खाली उतरू द्यायचं आणि मग. भंगारवाल्याचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

आता ट्रक वखारीसमोर उभा असतो. खिडकीतून दिसत नाही, याचं दिरांना वाईट वाटतं. सकाळी गुडघे धरत खाली उतरतात. एकदा मला दुकानात जायचं होतं, म्हणून मी बरोबर गेले. त्यांनी पट्टी ओढून मला दाखवली. ओल वरच्या खुणेच्या थोडी खाली होती. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात उघडलेला डबा. डब्याचा हात आपोआप वर गेला. मी डब्याकडे बघत राहिले. वखारीतला माणूसही फळी खाली ठेवून बघत राहिला.

दिरांनी पट्टी परत बघितली. मग डब्याला झाकण लावलं.

"चालेल, वहिनी," ते म्हणाले.

इतक्या वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. घरी जाऊन मी जावेला सांगितलं, तर तिचा विश्वासच बसेना. संध्याकाळी चहा झाला तेव्हा तिने फडकं घेतलं नाही, हात मोकळे ठेवून बसली. माझ्यासमोर कप आला. चहा काठावर फुगून थरथरत होता, अजून एक थेंब पडला तर बशीत.

मी कपाला हात लावला नाही. वाकले. जाऊ मुकाट्याने उठली आणि फडकं घेऊन आली.