सासूबाईंना घेऊन गेलेली गाडी

आमची गाडी सासूबाईंना घेऊन निघून गेली, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडं रसवंतीवर उसाच्या रसात लिंबू पिळून घेत होतो.

देवळाली प्रवऱ्याहून कोल्हारला निघालो होतो. मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा, आणि अंगठ्या सासूबाईंच्या पिशवीत. गाडी नवीन, स्वतःची स्वतः चालणारी, अर्थात कर्जावरची. (तरी चालवायचो मीच. एवढी महाग वस्तू, तिला कशाला दमवायचं?) हप्ते मी भरतो असं माझी बायको रूथ समजत होती आणि ती भरते असं मी. आमचा संसार विश्वासावर चालला होता.

गाडीनं सांगून पाहिलं होतं. रोज सकाळी बाईच्या गोड आवाजात ती म्हणायची, "सॅमसनजी, आपल्याशी थोडं बोलायचं होतं." रूथ माझ्याकडं अशी काही बघायला लागली, की मी तो आवाजच बंद करून टाकला.

तर भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, गाडीचे दिवे लागले. मिटलेले आरसे कान टवकारावेत तसे उघडले. दारं खट्‌कन बंद झाली. मागं सासूबाई डुलकी काढत होत्या. स्टेअरिंग सावकाश फिरलं आणि गाडी वळून नगरच्या दिशेनं निघाली. वळताना इंडिकेटरही दिला. मी तिथं आजवर कधी दिला नव्हता.

"गाडीत कोण हाय?" माझ्या शेजारी रस पीत उभ्या रूथनं हळूच विचारलं.

"आई हाय तुझी."

"चालवतंय कोण?"

तेवढ्यात मोबाईल वाजला. कर्ज देणाऱ्या कंपनीचा निरोप होता : 'आपले वाहन परत येत आहे. काळजी नसावी.'

मागून बँडवाल्यांचा टेम्पो आला, त्याला हात केला. पुढच्या पांढऱ्या गाडीत ड्रायव्हर नाही, असं मी टेम्पोवाल्याला सांगितलं, तर त्यानं माझ्या हातातल्या ग्लासाचा वास घेतला.

पुढं शेळ्या रस्ता ओलांडत होत्या. गाडी शहाण्यासारखी थांबली होती. आम्ही शेजारी आलो. पुढची सीट रिकामी. सासूबाई जाग्या होत्या आणि त्या सीटच्या उंच पाठीशी हसून हसून बोलत होत्या. मी काच बडवली. त्यांनी माझ्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं, पदर सावरला, आणि गाडी निघाली. टेम्पोवाल्यानं माझ्या हातातला ग्लास घेऊन उरलेला रस स्वतःच पिऊन टाकला.

नगरच्या अलीकडं कुंपण घातलेलं एक मैदान होतं. फाटक आपोआप सरकलं. आत रांगेनं शेकडो गाड्या फाटकाकडं तोंड करून उभ्या, आणि माणूस एकही नाही. आमची गाडी आत शिरली तशा दोन गाड्या आवाज न करता जराशा बाजूला झाल्या. आमची त्यांच्या मधोमध मागं सरकत जाऊन उभी राहिली. मग सगळ्यांचे दिवे एकदमच विझले. टेम्पोवाला म्हणाला, मी बाहेरच थांबतो, इंजिन चालू ठेवतो.

दार उघडलं. सासूबाई पिशवी घेऊन उतरल्या. रूथ त्यांच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो असतो, पण त्या सगळ्या गाड्या आमच्याकडं बघत होत्या.

कोल्हारला आम्ही ढोल आणि ताशांच्या मधे बसून पोचलो. साखरपुडा उशिरा का होईना, झाला. वाटेत सासूबाईंनी विचारलं, "त्यो डायवर कुटं गेला? लई गुनाचा हुता. खड्डे चुकवीत हुता, कुनाला शिवी न्हाई, आन मी बोलताना मधी तोंड घातलं न्हाई."

"मामी, तिथं कुणीच नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग रूथला म्हणाल्या, "मग त्यालाच ठिवा."

थकलेले हप्ते भरले, तशी गाडी आपली आपण येऊन दारात उभी राहिली. हल्ली आम्ही कुठंही निघालो की सासूबाई पुढं बसतात आणि शेजारच्या रिकाम्या सीटला घरातलं सगळं सांगतात. मला मागं बसवतात. परवा मी मधेच काहीतरी बोललो, तर गाडी थांबली आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.