कारवीचे बाण

आमची मुलगी गेली तेव्हा चार वर्षांचीही झाली नव्हती. घटसर्प. श्रावणात ताप आला, मान सुजली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत घशात पांढरा पापुद्रा धरला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. कॉलनीतल्या आणखी एका घरात तेच दुखणं आलं होतं. ते पोर वाचलं, आमचं नाही.

मी तेव्हा नाशिकमध्ये एका कचेरीत टायपिस्ट होते. यजमान शाळेत हस्तव्यवसाय शिकवायचे, म्हणजे टोपल्या विणणं, पुठ्ठ्याची कामं, थोडं सुतारकाम. कॉलनीत दोन खोल्या होत्या आणि सासूबाई आमच्याजवळच असायच्या. मुलीच्या जाण्यानंतर घरात बुद्धवंदना झाली, माणसं येऊन गेली, आणि मग कोणी येईनासं झालं. मी कामावर जायला लागले. कचेरीतल्या बायका माझ्यासमोर आपल्या मुलांबद्दल बोलायच्या थांबत. मला ते थांबणं सोसायचं नाही.

यजमानांना कॉलेजपासून डोंगरांचा नाद. लग्नाआधी दर रविवारी ते आणि त्यांचे दोन मित्र त्र्यंबकच्या बाजूला कुठे कुठे चढायचे. मुलगी गेल्यावर त्यांनी ते बंद केलं. रविवारी दिवसभर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेवटी एकदा मीच म्हटलं, "मला न्या ना डोंगरात. मी कधी बघितलेच नाहीत."

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "चप्पल चालणार नाही. कॅनव्हासचे बूट लागतील."

असे आम्ही जायला लागलो. एसटीने अंजनेरीच्या पुढे उतरायचं, शेतांमधून चालत एका वाडीपाशी पोहोचायचं आणि तिथून वर. वाडीच्या वर कड्याखाली एक कपार होती, चार माणसं बसतील एवढी. समोरच्या कड्यावर गिधाडं बसलेली असत. तेव्हा ती पुष्कळ होती. आम्ही तिथे बसायचो आणि बोलायचो नाही, पण ते न बोलणं घरातल्यासारखं नव्हतं.

बाणांचं कसं सुरू झालं ते मला नीट आठवतं. खाली ओढ्यात त्यांना गारगोटीची एक कपची सापडली. पातळ, कडेला धार. त्यांनी ती अंगठ्यावरून फिरवली तर रक्त आलं. ते म्हणाले, "माणूस इथे अडकला, जवळ काहीच नाही, तर जगेल का गं? फक्त डोंगरात मिळतं तेवढ्यावर?"

मी म्हटलं, "पूर्वी जगतच होते की."

"तसं नाही. तू आणि मी. जगू का?"

त्या दिवसापासून त्यांनी ते मनावर घेतलं. दुकानातलं तयार काही वापरायचं नाही, लोखंड नाही, सुतळी नाही. धनुष्य त्यांनी बांबूचं केलं, त्याला झाडाच्या सालीची दोरी. बाणांसाठी कारवीच्या वाळलेल्या सरळ काठ्या ते निवडून आणायचे. साल काढून निखाऱ्यावर धरायचे आणि काठी तापली की गुडघ्यावर दाबून तिचा बाक काढायचे. एक डोळा मिटून टोकाकडे बघायचे, परत शेकायचे. गारगोटीवर गोटा मारून कपच्या काढायच्या आणि बोकडाच्या शिंगाच्या टोकाने कडा दाबत दाबत त्याचं पातं करायचं. पहिली किती पाती फुटली त्याला गणतीच नाही. शेवटच्या दाबाला मधोमध तुटायचं आणि ते तसेच हातात दोन तुकडे घेऊन बसायचे.

पातं काठीला बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी बोटं टाईप करून करून हलकी झाली होती. काठीच्या टोकाला खाच घ्यायची. पण आधी खाचेच्या खाली घट्ट वेढे द्यायचे, नाहीतर काठी पार खालपर्यंत चिरत जाते. हे आम्हाला काठ्या चिरल्यावरच कळलं. सालईच्या झाडाची राळ वितळवून तिच्यात थोडं मेण आणि कोळशाची पूड घालायची. नुसती राळ थंड झाली की काचेसारखी तडकते. ती गरम असतानाच पातं खाचेत बसवायचं आणि वरून बोकडाच्या नसेचे धागे गुंडाळायचे. त्या वाळलेल्या नसा खाटकाकडून आणून, ठेचून, त्यांचे तंतू वेगळे करायचे. आणि गुंडाळण्याआधी ते तोंडात धरून चावून मऊ करायचे. थुंकीनेच ते चिकटतात, आणि वाळले की आवळतात.

सासूबाईंनी मला एकदा घरात नस चावताना पाहिलं. त्या दारातच थांबल्या.

"काय खातेस?"

"खात नाही आई, धागा आहे."

त्यांनी माझ्या हातातला बाण बघितला, मुलाकडे बघितलं. "सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी बाण करायचे? कुणाला मारणार आहेस रे?"

"कुणाला नाही, आई."

"मग धार कशाला लावतोस?"

यजमान पात्याची कडा दाबत राहिले. सासूबाई आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला तो धागा सोडवत नव्हता. वेढ्यावर वेढा देताना माझं डोकं रिकामं व्हायचं, आणि त्या काळात मला दुसरं काही नको होतं.

वाडीतल्या एका बाईशी आमची ओळख झाली होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. वर जाताना ती आम्हाला पाणी द्यायची, आमचे बाण बघून हसायची. "लोखांड सोडून दगुड लावतात! येड लागलंय," म्हणायची, आणि मग स्वतःच बाणांच्या शेपटीला लावायला कड्याखाली पडलेली गिधाडाची पिसं गोळा करून ठेवायची. हंगामात ती पंचवटीच्या बाजारात रानातलं काही ना काही विकायला यायची. मी दिसले की बळेच पिशवीत मूठभर जास्त टाकायची. आमचं काय गेलं ते तिला ठाऊक होतं. ती त्यावर कधी बोलली नव्हती.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत यजमान म्हणाले, "मी कपारीत राहून बघतो. बरोबर काही नेणार नाही. बाण आहेत, रानात कंद आहेत, पाणी आहे."

"मी येते."

"तुला रजा नाही. आणि मला एकट्यानेच बघायचंय."

मी फार विरोध केला नाही. ते काहीतरी करू बघताहेत याचाच मला आधार वाटत होता. सासूबाईंनी गुपचूप त्यांच्या पिशवीत चिवड्याची पुडी ठेवली. ते गेल्यावर ती पुडी देव्हाऱ्यासारख्या आमच्या कोनाड्यात, बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवलेली सापडली.

आठवडा उलटला तरी ते आले नाहीत. मी भाजी आणायला पंचवटीत गेले, तर ती बाई आवळ्यांची पाटी घेऊन बसली होती. मला बघून ती उठलीच.

"तुझ्याचकडं येनार होते. तुझा धनी काय खात नाय, बाई. भाकर दिली तर वाडीतल्या कुत्र्याला घातली. लय वाळला हाय. तू चल."

"शिकार मिळत नाही का त्यांना?"

"करतच नाय तं मिळंल कशी?"

तिने आवळे शेजारणीच्या पाटीत ओतले आणि माझ्याबरोबर निघाली.  वाडीवर पोहोचल्यावर तिने घरातून एक झाकलेलं मडकं घेतलं आणि आम्ही वर चढलो.

ते कपारीत भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मला बघून त्यांना आश्चर्यही वाटलं नाही. बाण शेजारी ओळीने ठेवलेले होते. प्रत्येक पातं, मी दिलेला प्रत्येक वेढा जसाच्या तसा. एकही सोडलेला नव्हता.

मी चिडले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. "जगून बघायला आला होतात ना तुम्ही? हे जगणं आहे?"

ते म्हणाले, "ससा आला होता. अगदी इथे, समोर. हात उठला नाही."

"मग घरी यायचं. आई म्हणतात तेच खरं म्हणायचं आणि यायचं."

"आईचं नाही गं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला जवळ सरकावं लागलं. "तिला भूक लागली होती. शेवटच्या दिवशी. तिने माझ्याकडे बघून भात मागितला. गिळता येत नव्हतं तरी मागितला. डॉक्टर म्हणाले काही द्यायचं नाही. तू तेव्हा आईला घरून आणायला गेली होतीस. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी खाली गेलो. खाली चहाची गाडी होती. मी चहा प्यालो. पाव खाल्ला. दोन खाल्ले. मलाही भूक लागली होती."

एवढ्या महिन्यांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं.  "तुम्ही पाव खाल्ला नसता तर ती वाचली असती का," असं काहीतरी मी म्हटलं. ते म्हणाले, "नाही." आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागले. मला कळलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला किती तरी वेळा विचारलेला आहे, उत्तर त्यांना माहीत आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

ती बाई आत आली. तिने मडक्यावरचं झाकण काढलं. भाताची पातळ पेज होती, मीठ घातलेली. त्यांच्यासमोर उकिडवी बसून ती म्हणाली, "माझी दोन गेली. एक पान लागून, सरप डसला व्हता, एक असंच तापानं. दुसरं गेलं त्या दिवशी मी जेवले. तिसरी अंगावर पीत व्हती ना. तिला काय सांगू, आज दूध नाय म्हनून?"

ते तिच्याकडे बघत राहिले.

"मला ग्वाड लागलं व्हतं ते जेवान," ती म्हणाली. "लय रडले मंग. पन ग्वाड लागलं व्हतं."

तिने पानाच्या द्रोणात पेज ओतून त्यांच्या हातात दिली. ते प्याले. थोड्या वेळाने सगळी उलटून पडली. तिने पुन्हा दिली. या वेळी घोट घोट घेतली आणि ती राहिली. मग ते रडले. मुलगी गेली त्या दिवशीही ते रडले नव्हते. मी त्यांची पाठ धरून बसले आणि ती बाई बाहेर जाऊन दगडावर बसली, आमच्याकडे पाठ करून.

दोन दिवस आम्ही तिच्याच घरी राहिलो. तिसरी, ती अंगावरची, आता मोठी झालेली, यजमानांच्या पायाशी खेळायची. ते तिच्याकडे बघायचे, हात मात्र लावायचे नाहीत. बाण आम्ही कपारीतच सोडले.

त्यानंतर ते जेवू लागले. औषध घेतल्यासारखे, पण जेवू लागले. सासूबाईंना मी फक्त, ते आजारी पडले होते, एवढंच सांगितलं. त्यांनीही जास्त विचारलं नाही. आम्हाला दुसरं मूल झालं नाही. आधी आम्हीच टाळलं, मग झालं नाही. शाळेत ते आता शिवणकाम आणि टोपल्या विणणंच शिकवायचे. धारेची हत्यारं लागणारं काम त्यांनी दुसऱ्या शिक्षकांकडे दिलं. पुढे त्यांची बदली देवळ्याला झाली आणि मी नोकरी सोडून त्यांच्याबरोबर गेले. तिथे आमचं बरं चाललं. सुख म्हणता येणार नाही, पण एकमेकांची सवय घट्ट होती.

त्या बाईला भेटायचं आम्ही दर वर्षी ठरवत होतो. पंचवटीत ती दिसायची बंद झाली होती. ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात आम्ही मुद्दाम गेलो. तिच्यासाठी लुगडं घेतलं होतं. वाडीतलं तिचं घर बसलेलं होतं, कुडाच्या भिंती आत झुकलेल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "ती व्हय? द्राक्षांच्या मळ्यात गेली व्हती कामाला, निफाडकडं. तिकडंच ताप आला. गेली. दोन सालं झाली."

"आणि तिची मुलगी?"

"लगीन झालं. पेठच्या पल्याड दिली, डोंगरात. गाव काय ठावं नाय."

यजमानांनी विचारलं, "तिला तिकडे जेवायला-खायला नीट मिळतं का, काही कळतं का?"

म्हातारीला प्रश्न समजला नसावा. तिने आम्हाला पाणी आणून दिलं. आम्ही ते प्यालो, लुगडं तिच्याच हातात दिलं, आणि एसटीची वेळ होत आली म्हणून रस्त्याकडे चालू लागलो.