रिकामा खटका

मी बत्तीस वर्षं शाळेत विजेचा धडा शिकवला आणि माझ्या हातून एकदाही फ्यूज उडाला नाही. (आमच्या प्रयोगशाळेत वीजच नव्हती, हा भाग वेगळा.)

निवृत्तीनंतर तळेगावच्या घरामागच्या गोठ्यात मी लाकूड कातायची लेथ बसवली. आता तिला वीज कुठून द्यायची? पडवीतल्या बोर्डात चार लाईनचे, भार वाढला की आपोआप पडणारे चार खटके होते आणि कुठला कशाचा, हे घर बांधणाऱ्यालाही आठवत नव्हतं. (घर मीच बांधलं.) बायकोची, म्हणजे शीलाची, एकच अट होती. "करा काय करायचं ते, पण माह्या कूलरले धक्का नाई लागला पायजे." मे महिन्यात आमच्याकडे एक वेळ नवऱ्यावाचून चालतं, कूलरवाचून नाही! त्यात लेकीचे सासू-सासरे सांगलीहून पहिल्यांदाच उन्हाळ्यात येणार होते, आणि तुमच्यासमोर लाटणं कातून विहीणबाईंच्या हातात देतो, अशी फुशारकी मी फोनवर मारून बसलो होतो.

मी शास्त्रीय पद्धत काढली. मी पडवीत एकेक खटका पाडायचा आणि आत काय बंद पडलं ते शीलाने ओरडून सांगायचं. पहिला पाडला, फ्रीज गेला. तो वर करून दुसरा पाडला, पंखा गेला. तोही वर केला. तिसऱ्याला आतून आवाज आला, "कूलर गेला." लिहिलं आणि तिसरा वर केला. ती म्हणाली, कूलर काही आला नाही. मी म्हटलं, येईल, जुना आहे, दम लागतो त्याला. चौथा पाडला. "काईच नाई गेलं." वा! चौथ्यासमोर मी 'रिकामा' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, तक्ता बोर्डाला चिकटवला आणि चौथ्यावरून गोठ्यात वायर नेली.

व्याही आले त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. त्यांना कूलरसमोर बसवून मी लेथ सुरू केली. ती दोन गिरक्या घेऊन थांबली. पडवीत जाऊन पाहतो तर चौथा खटका पडलेला! वर केला, तर आतून शीला म्हणते, कूलर गेला होता, आत्ता आला. मी म्हटलं, योगायोग. पुन्हा लेथ, पुन्हा खटका, पुन्हा कूलर. असं सात वेळा झालं. कूलरच्या काळजीने मी तिसऱ्या खटक्यावर चिकटपट्टी मारली, तरी कूलर जातोच! माझं डोकं चालेना.

घामाने निथळणारे व्याही अदबीने म्हणाले, "दोन्ही एकाच लाईनवर असतील का?"

मी त्यांना तक्ता दाखवला आणि विजेचा धडा पहिल्यापासून समजावला. बिचारे उन्हात उभे राहून ऐकत होते. तेवढ्यात शीलाने प्रभाकरला फोन केला. प्रभाकर गावातला वायरमन, आणि माझा जुना विद्यार्थी. याच धड्याची उत्तरं मी त्याला पाच-पाच वेळा लिहायला लावली होती.

त्याने बोर्ड उघडला, तक्ता वाचला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, तिसरा पाडला तवा गावचीच लाईन गेली असन. मंग चौथ्याले काय जाईन?"

लाईन गेली तेव्हा पंखा, फ्रीजही गेले होते. पण शीला कूलरकडे बघत होती आणि मी तक्त्याकडे. रिकामा होता तिसरा, आणि लेथ मी नेमकी कूलरच्या लाईनवर बसवली होती! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रभाकरने लेथची वायर तिसऱ्यावर घेतली आणि तासाभरात लाटणं विहीणबाईंच्या हातात पडलं. (जरा वाकडं आहे, पण त्या पोळ्या गोलच लाटतात.) मग त्याने माझंच लाल पेन मागून घेतलं. म्हणाला, "सर, राग नका मानू." आणि तक्त्यावर दोन फुल्या मारल्या.

शीलाने माझ्यासमोर कोरे कागद ठेवले. "पाच वेळा लिवा."

व्याह्यांसमोर बसून लिहिलं. चौथ्या प्रतीत चौथ्यासमोर पुन्हा 'रिकामा' आलं, म्हणून प्रभाकरने ती मोजली नाही.