चिमीची दुसरी वेणी

कोर्टाच्या तारखेला माझी म्हातारी नातीची एकच वेणी घालायची. दुसऱ्या बाजूचे केस विंचरून तसेच मोकळे सोडायची. पाटोद्याच्या एसटीत कंडक्टर हसायचा, "आजे, आर्धीच पोर नटवली व्हय?" ही म्हणायची, "आर्धं काम तिच्या आईला ठिवलंय. तू तिकीट फाड."

माझ्या लेकाचा आणि सुनेचा घटस्फोट झाला. चिमी आमच्याकडं राहिली. महिन्यातून एकदा कोर्टाच्या आवारात आईला भेटवायचं, असा हुकूम होता. लेक जायचा नाही, मी शेरडांचं निमित्त सांगायचो. म्हातारी मात्र कधी चुकली नाही. लेक खेकसायचा, "कावून नेतीस गं तिला?" ती भाकरी थापता थापता म्हणायची, "बायको तुजी व्हती, सोडलीस. आई तिची हाय."

बोलायला ती कुणाला भ्यायची नाही. एकदा वकिलालाच म्हणाली, "सायेब, ताबा ताबा काय लावलंय? ताबा रानाचा आसतो. कायदा बदला आन आदी लेकराला इचारा." वकील हसला, "आजी, तुम्हीच आमदार व्हा."

"मग माजी शेरडं तुमी राखता का?"

पोळा झाला आणि तापाचं निमित्त होऊन ती गेली. तारीख नेमकी सुतकात आली. मी चिमीला म्हणालो, "सुतक हाय, कुटं जायचं न्हाई." पोर म्हणाली, "आजीनं नेलं आसतं." खरं होतं. सुतकात देवाला जात नाहीत, आईला भेटायला कुणाची बंदी? पण घर खायला उठलं होतं. मलाच पोर नजरेआड नको होती.

पुढच्या तारखेला नेलं. सून लिंबाखाली उभी होती. मागच्या खेपेला दिवसभर थांबून माघारी गेलेली, तरी माझ्यावर चिडली नाही. पाया पडली आणि फाटकाकडं बघत म्हणाली, "मामा, आत्या कुटं राहिल्या?"

तिला कुणी सांगावाच धाडला नव्हता. "नातं कोर्टात तुटलं, आता तिला कशाला कळवायचं?" असं लेक म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती. चिमीनंच सांगितलं, "आजी वारली."

सून तिथंच मातीत बसली आणि तिनं हंबरडा फोडला. माझ्या म्हातारीसाठी आमच्या घरात एवढं कुणी रडलं नव्हतं.