हेलियममधला दादा

एकाहत्तरच्या लढाईनंतरची वर्षं होती. बाबा फॅक्टरीत फिटर, मी तिथेच टेलिफोन सेट तपासायच्या सेक्शनमध्ये, आणि दादा नौदलात पाणबुड्या. खूप खोल उतरायच्या सरावासाठी त्याची निवड झाली होती, आणि बाबांच्या जिवाला घोर लागला होता.

एक दिवस दादाचा दोस्त रजेवर जाताना कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी टेपचं रीळ देऊन गेला. मी शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणला. बटण दाबलं, तर पोपटाची पिल्लं भांडावीत तसा आवाज!

"काय वाजवून राहिली तू?" बाबा म्हणाले. "टेप बिघडली असंन."

सोबतच्या चिठ्ठीत दादानं लिहिलं होतं, खोलवर साध्या हवेनं गुंगी येते, म्हणून श्वासाला हेलियम वायू मिसळून देतात, आणि ही टेप त्यानं सरावाच्या बंद टाकीत तसल्याच हवेत राहताना भरली. त्यानं आवाज असा होतो. वर जहाजावर ऐकणाऱ्यांनाही निम्मं समजत नाही.

मशीनला दोन वेग होते. कमी वेगावर टेप लावली, तर दादा म्हशीसारखा हंबरायला लागला. आई हसून हसून खाली बसली. मी मात्र उडालेच. दोन-तीन शब्द कळले होते!

"बाबा, मधला वेग पाहिजे."

बाबांनी चष्मा लावला, मशीन उघडलं, मोटरवरची इवलीशी पुली निरखली. "ही बारीक केली तर?"

रविवारी आम्ही दोघं ओमतीच्या बाजारात एका लेथवाल्याकडे गेलो. "भैया, इससे ज़रा पतली," असं म्हणत बाबांनी तीन मापांच्या पुल्या कातून घेतल्या. पहिलीनं काही जमलं नाही, दुसरीनंही नाही. तिसरी बसवली आणि खोलीत दादा बोलायला लागला. जरा जड जिभेनं, पण आमचाच दादा!

"बाबा, काळजी करू नका. मी मजेत आहो. इथं जेवणाला काही चवच लागत नाही. आई, तुझी कोथिंबिरीची पुडाची वडी पाठव..."

आईनं तोंडाला पदर लावला. बाबा ओरडले, "थांबव! पहिल्यापासून लाव!" त्या संध्याकाळी आम्ही ती टेप नऊ वेळा ऐकली.

बाबांनी ती पुली पार्सलनं दादाला पाठवली. त्याचं उत्तर आलं: साहेबांनी पुली हातात घेऊन पाहिली, खूष झाले, पण खाली उतरलेल्या पाणबुड्याशी फोनवर बोलताना आवाज असा लांबवून चालत नाही, बोलणं चालू असतानाच तो सुधारणारं यंत्र लागतं. तसं यंत्र ते मागवून राहिले आहेत.

मी ते पत्र सेक्शनमध्ये नेलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाचजणी असं यंत्र कसं बनत असेल यावर भांडत बसलो, आणि भोंगा वाजला तरी कुणी उठेना.